लिलावात नसलेला डावा कोपरा

आमच्या अमेरिकेतल्या क्लायंटकडे एक मॅनेजर आहे. एरवी माणूस एकदम शांत. एप्रिल महिना लागला की मात्र त्याच्या अंगात येतं. त्यांच्याकडच्या फुटबॉलचा (म्हणजे अंड्यासारखा चेंडू हातात घेऊन पळायचं ते) ड्राफ्ट तेव्हा असतो. कॉलेजात खेळणाऱ्या पोरांमधून व्यावसायिक संघ आपापले खेळाडू निवडतात. गेल्या वर्षी जो संघ तळाला होता त्याचा पहिला नंबर, जो जिंकला त्याचा शेवटचा. हे महाशय स्टेटस कॉलची पहिली दहा मिनिटं आम्हाला सांगत असतात की अमुक कॉलेजचा तमुक पोरगा कसा सगळ्यांच्या नजरेतून सुटलाय आणि तो चौथ्या फेरीपर्यंत शिल्लक राहील. टॉम ब्रेडीचं नाव दर वर्षी निघतंच. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये ब्रेडी सहाव्या फेरीत गेला, १९९ वा. पुढे सात सुपर बोल जिंकला. म्हणजे १९८ वेळा संघांनी दुसरंच कुणीतरी निवडलं!

यंदा हे ऐकताना मला एकदम माझा मामा आठवला. आणि मग दोन महिने हा विषय डोक्यातून जाईना. तर आजचा लेख त्यावर.

मामा अलिबाग तालुक्यातला, समुद्राच्या काठच्या गावचा. रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं, आणि मामा अजूनही 'कुलाबा जिल्हा'च म्हणतो. आमच्याकडे कबड्डी म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या मित्रांना सांगणं अवघड आहे. भात कापून झालं की गावाबाहेरचं एखादं खाचर सपाट करायचं, बांध फोडायचे, माती आणून चोपायची, पाणी मारायचं, चुन्याच्या रेषा आखायच्या. मग जानेवारीपासून होळीपर्यंत दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या गावात सामने. रात्रभर. पहिला सामना जाहिरातीत सात वाजता असतो आणि सुरू व्हायला दहा वाजतात. अंतिम सामना संपतो तेव्हा कोळीवाड्यातल्या होड्या निघायची वेळ झालेली असते. बायाबापड्या पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या असतात आणि त्यांना बोनस कधी मिळतो आणि कधी नाही हे पंचांपेक्षा चांगलं कळतं.

मामा डाव्या कोपऱ्यात खेळायचा. ज्यांनी कबड्डी टीव्हीवरच पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. बचाव करणाऱ्या सात जणांमध्ये दोन टोकांना जे असतात ते कोपरारक्षक. बहुतेक चढाईपटू उजव्या हाता-पायाचे असतात आणि त्यांचा रोख डाव्या कोपऱ्याकडे जास्त असतो. म्हणून डावा कोपरा म्हणजे सगळ्यात जास्त गिऱ्हाईक असलेलं दुकान. तिथल्या माणसाचं हत्यार म्हणजे घोट्याची पकड. चढाईपटू बोनससाठी किंवा लाथ मारायला पाय पुढे टाकतो तो अर्धा सेकंद, त्यात खाली झेपावून घोटा धरायचा आणि मागचे धावून येईपर्यंत सोडायचा नाही. चुकलात तर तोंडावर लाथ आणि समोरच्याला गुण. मामाच्या समोरचे दोन दात नाहीत, ते त्याच काळातले.

ही १९८० च्या दशकातली गोष्ट. तेव्हा लिलाव नव्हता, पण ड्राफ्ट होता. त्याला नाव नव्हतं इतकंच. त्या ड्राफ्टमध्ये पैसे मिळायचे नाहीत, नोकरी मिळायची. रेल्वे, पोलीस, बेस्ट, बँका, एअर इंडिया, महिंद्रा, भारत पेट्रोलियम... या सगळ्यांचे कबड्डी संघ एकेका काळात नावाजलेले. संघ मजबूत करायचा तर पोरं हवीत, आणि पोरं तर गावात. मग संघाचा मॅनेजर किंवा जुना खेळाडू भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून रेवसला उतरायचा आणि रात्रीच्या सामन्याला खुर्ची टाकून बसायचा. गावात बातमी आधीच पोचलेली असायची: "आज कंपनीचा माणूस आलाय." त्या रात्री पोरं जिवावर उदार होऊन खेळायची. एका चांगल्या रात्रीची किंमत म्हणजे मुंबईतली कायमची नोकरी, कॉलनीतली खोली, भावंडांची शिक्षणं. आमच्या गावात अशी चार-पाच घरं आहेत जी एका पोराच्या चढाईवर उभी राहिली. गंमत म्हणून सांगत नाहीये, खरंच.

अमेरिकेत पहिला ड्राफ्ट झाला ८ फेब्रुवारी १९३६ ला, फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात. नऊ संघांचे मालक, आणि फळ्यावर ९० नावं. ही नावं आली कुठून? बहुतेक वर्तमानपत्रांतून! खेळाडू पाहून यायला माणसं ठेवायची पद्धतच नव्हती. ज्याचं नाव छापून आलं तो फळ्यावर, नाही आलं तो नाही. पहिला निवडला गेला जे बर्वांगर, शिकागो विद्यापीठाचा. त्याने व्यावसायिक फुटबॉल एक दिवसही खेळलं नाही. मागितले तेवढे पैसे मिळेनात, म्हणून तो फोम रबर विकणाऱ्या कंपनीत सेल्समन झाला. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं. म्हणजे त्यांच्याकडेही तेव्हा खेळापेक्षा नोकरी बरी होती तर! (त्याच १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक केलं होतं. आपल्या खेळाचे छापील नियम त्याच्याही आधी, १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने काढले. म्हणजे वयाने आपला खेळ काही लहान नाही.)

आता मामाचं काय झालं ते सांगतो. एका मोठ्या कंपनीच्या संघाचा माणूस आला होता. आला होता दुसऱ्याच गावच्या एका चढाईपटूला बघायला, ज्याचं नाव तालुकाभर गाजत होतं. उपांत्य सामन्यात तो चढाईपटू मामासमोर आला, आणि मामाने त्याला तीनदा घोट्यात धरला. तिसऱ्यांदा धरला तेव्हा प्रेक्षक मैदानात घुसले. कंपनीच्या माणसाने मामाला बोलावलं, पाठ थोपटली आणि विचारलं, "जिल्ह्याचं सर्टिफिकेट आहे का?"

नव्हतं.

इथे थोडं थांबून हा फंडा समजून घ्यायला हवा, कारण सगळी मेख इथेच आहे. खेळाडू म्हणून नोकरी द्यायची तर कागद लागतो. कागद मिळतो जिल्ह्याकडून, राज्याकडून किंवा देशाकडून खेळल्यावर. जिल्ह्याचा संघ १२ जणांचा. सात मैदानात, पाच बाहेर. रायगडसारख्या जिल्ह्यात, जिथे एकेका गावात दोन-दोन संघ आहेत, तिथून वर्षाला बारा पोरं वर जातात. त्या बारांत डाव्या कोपऱ्याचे किती? फार तर दोन. आणि त्यातला एक गेल्या वर्षीचाच असतो. आमच्या भाषेत बोलायचं तर सर्व्हर कितीही दमदार असो, वायर एवढीशीच आहे. निवड समिती शंभर टक्के प्रामाणिक असली तरी बाहेर राहणाऱ्यांत चांगली पोरं असणारच. हा गणिताचा भाग झाला. ती नेहमी प्रामाणिक असते का, हे मामाला विचारू नका.

मामा पुढे दोन वर्षं निवड चाचणीला गेला. एकदा वजनावरून सुटला, एकदा खांदा निखळलेला होता. मग आजोबा गेले आणि शेती अंगावर आली. आज तो आंब्याची बारा कलमं आणि एक रिक्षा सांभाळतो, आणि मजेत आहे. रडकथा सांगायची नाहीये मला. मला प्रश्न पडला तो वेगळाच: मामा खरोखर तेवढा चांगला होता का? का आपला मामा म्हणून आपल्याला वाटतं? घरच्यांच्या आठवणीत प्रत्येकच माणूस थोडक्यात हुकलेला असतो.

याचं उत्तर शोधायला मी यंदा गावातल्या सरांकडे गेलो. सर म्हणजे प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक. तीसेक वर्षं आमच्या पंचक्रोशीतल्या सामन्यांचं समालोचन त्यांनी केलं. माइक हातात आला की सरांचा आवाज चार गावं ऐकू जायचा. मला माहीत नव्हतं ते हे की समालोचन करताना सर वहीत लिहीतही असत. दोनशे पानी वह्या, जाड पुठ्ठ्याच्या. स्पर्धेचं गाव, तारीख, दोन्ही संघांची नावं, आणि प्रत्येकापुढे उभ्या रेघा. चढाईच्या गुणाला एक रेघ, पकडीला फुली. त्यांना विचारलं कशासाठी लिहीत होतात, तर म्हणाले, "अरे, नाव चुकलं तर पोराच्या आईला वाईट वाटतं."

पावसाने दोन वह्या खाल्ल्या होत्या. उरलेल्यांचे फोटो मोबाइलवर काढले आणि रात्री बसून एक्सेलमध्ये भरायला लागलो. (हो, सुट्टीत. हसा.) मामाच्या नावापुढे फुल्याच फुल्या. सलग तीन हंगाम पकडींच्या यादीत तो पहिल्या तिघांत. मी खूश. आणि मग लक्षात आलं की सरांनी फक्त यशस्वी पकडी लिहिल्यात. फसलेली झेप कुठेच नाही. दहा वेळा झेपावून चारदा धरणारा आणि पाच वेळा झेपावून चारदा धरणारा, दोघांच्या पुढे फुल्या चारच. म्हणजे मामा ग्रेट होता की नुसताच धाडसी, हे या वहीतून कळणार नाही. डेटा आहे, पण अर्धा आहे. सरांना हे सांगितलं तेव्हा ते जरा गप्प झाले आणि म्हणाले, "खरंय. पण चुकलेलं कोण लिहितो?"

मला वाटतं, कमी लेखलेला खेळाडू आधीच ओळखणं म्हणजे दुसरं काही नाही. बाकीचे जे लिहीत नाहीत ते कुणीतरी लिहायचं, आणि बाकीचे जिथे जात नाहीत तिथे जायचं. अमेरिकेतलं सगळ्यात झकास उदाहरण बिल नन यांचं आहे. हे गृहस्थ पिट्सबर्गमधल्या एका कृष्णवर्णीय वाचकांच्या वर्तमानपत्रात क्रीडा पत्रकार होते. दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत फार थोडे संघवाले फिरकायचे. नन मात्र वर्षानुवर्षं तिथे जात आणि तिथल्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी छापत. १९६० च्या दशकाच्या शेवटी पिट्सबर्ग स्टीलर्स संघाने त्यांनाच कामावर घेतलं. १९७४ च्या एकाच ड्राफ्टमध्ये या संघाने चार असे खेळाडू उचलले जे पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. त्यातला जॉन स्टॉलवर्थ अलाबामातल्या तशाच एका छोट्या कॉलेजचा, चौथ्या फेरीत मिळालेला. गोष्ट अशी सांगतात की सगळे संघवाले त्याला पळताना बघायला गेले तेव्हा मैदान ओलं होतं. वेळ काही खास आली नाही, मंडळी पुढच्या गावी निघाली. नन बरं नाही असं सांगून मागे राहिले आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या जागेवर त्याला पुन्हा पळवलं. गोष्ट थोडी मीठमसाला लावलेली असेल, पण 'ओलं मैदान' हा मुद्दा माझ्या डोक्यात पक्का बसला.

कारण आमच्याकडचं ओलं मैदान म्हणजे मॅट. गावची पोरं अनवाणी, मातीत खेळतात. मोठी कबड्डी गेली मॅटवर. मॅटवर बूट लागतात, पाय वेगळा पडतो, गुडघे सोलतात, वेग वाढतो. मातीतला राजा पहिल्यांदा मॅटवर उतरतो तेव्हा पहिले पंधरा दिवस तो अगदीच सामान्य दिसतो. आणि निवड चाचणी असते दोन दिवसांची.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि पहिल्यांदाच या खेळात खुलेआम बोली लागली. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग गेला राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना, पाटण्याकडे. भारताचा कर्णधार, रेल्वेचा मोठा खेळाडू, रास्तच होतं. पण बोली लागली ती बहुतेक नावावर. कोण देशाकडून खेळलाय, कोण कुठल्या खात्यात आहे. तेच जुनं सर्टिफिकेट, फक्त आकडा लावलेलं. दरम्यान खेळ बदलला होता. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच, नाहीतर बाद. तीन किंवा कमी बचावपटू उरले असताना पकड केली तर एक गुण जास्त. जुन्या जमान्यात सांभाळून चढाई करून परत येणारा माणूस शहाणा समजला जायचा. नव्या नियमांत तिसऱ्या चढाईला छातीठोकपणे आत शिरणारा माणूस सोन्याचा. बाजाराला हे कळायला काही हंगाम लागले.

त्या काळात जे सुटले त्यांची यादी भारी आहे. प्रदीप नरवाल दुसऱ्या हंगामात बंगळुरूकडे होता, फारसा वापरलाच नाही. पाटण्याने घेतला, आणि पाचव्या हंगामात त्याने चढाईत ३६९ गुण काढले. पवन सेहरावत पाचव्या हंगामात गुजरातकडे बहुतेक बाकावर. सहाव्याला बंगळुरूने घेतला. ५ जानेवारी २०१९ ला मुंबईत अंतिम सामना झाला, समोर तोच गुजरात. बंगळुरू ३८–३३ ने जिंकलं आणि त्या ३८ मधले २२ गुण एकट्या पवनचे! गुजरातच्या डगआउटमध्ये त्या रात्री काय बोलणं झालं असेल, कल्पना करा.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो आपला सिद्धार्थ देसाई. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला ३४–२९ असं हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. रिशांक देवाडिगा कर्णधार, आणि सिद्धार्थ त्याच संघात. चार-पाच महिन्यांनी सहाव्या हंगामाचा लिलाव झाला. रिशांक गेला १ कोटी ११ लाखांना. मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांना, त्या लिलावातला सर्वाधिक. सिद्धार्थला यू मुंबाने घेतलं ३६ लाख ४० हजारांना. पोराने पहिल्याच हंगामात चढाईत २१८ गुण काढले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. एका वर्षात किंमत चौपट! पोरगा तोच, चढाई तीच. फक्त आता सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती. (आणि आठव्या हंगामात तीन सामन्यांनंतर खांद्याने दगा दिला, हेही लिहायला हवं. ओळखलेला हिरा टिकेलच, याची गॅरंटी कुणी देत नाही.)

अस्लम इनामदारची गोष्ट तर लिलावाच्याही बाहेरची. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा हा पोरगा. पुणेरी पलटणने त्याला नवोदित खेळाडूंच्या योजनेतून घेतला, म्हणजे हातोडा पडलाच नाही. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणने पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली तेव्हा कर्णधार तोच होता, आणि त्याआधी २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारताच्या संघातही तो होता. पुण्याच्या लोकांनी काय केलं? बोली लावण्याऐवजी पोरं लहान असतानाच गोळा केली आणि मॅटवर खेळवत ठेवली. पंधरा दिवस नाही, काही वर्षं. मैदान वाळेपर्यंत थांबले म्हणा ना.

असो. मी एवढं सगळं मामाला सांगितलं. लॅपटॉप उघडून तक्ता दाखवला. त्याने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "त्या पोराचं काय रं झालं?" कुठल्या पोराचं? "ज्याला मी धरला त्याचं." मला वाटलं होतं तो स्वतःबद्दल विचारेल. सरांच्या वहीत त्या चढाईपटूचं नावही होतं, पुढच्या हंगामापर्यंत. नंतर नाही. सर म्हणाले, त्या रात्रीनंतर कंपनीच्या माणसाने त्यालाही नेलं नाही. तीनदा घोट्यात सापडलेला चढाईपटू कोण नेणार? म्हणजे त्या एका सामन्याने दोघांचाही ड्राफ्ट हुकला. मामाला हे इतकी वर्षं माहीत नव्हतं. बराच वेळ तो बाहेर पडवीत जाऊन बसला. आम्ही कुणी काही बोललो नाही.

शनिवारी रात्री शेजारच्या गावात सामने होते. मामा, मी आणि सर, तिघं रिक्षाने गेलो. आता समालोचन दुसरंच कुणी करतं, आणि सगळं यूट्यूबवर लाइव्ह असतं. त्यामुळे खरं तर कुठलाही संघवाला पुण्यात किंवा हरियाणात बसून आमचं खाचर बघू शकतो. बघतो का, ते माहीत नाही. कॅमेरा चढाईपटूच्या मागे फिरतो, कोपऱ्यातला पोरगा निम्मा वेळ चौकटीच्या बाहेरच असतो. मी नवी वही नेली होती. या वेळी दोन रकाने आखले होते: धरलं, सुटलं.

तिसऱ्या सामन्यात हरणाऱ्या संघाच्या डाव्या कोपऱ्यात एक काटकुळा पोरगा होता. त्याच्या पाच झेपा मी लिहिल्या. दोन फुल्या, तीन गोल. मला काही खास वाटलं नाही. मामा मात्र खुर्चीच्या टोकावर आला होता.

"ते तीन गोल खोड," तो म्हणाला. "घोटा त्यानं बरोबर धरलाय. मागून मदतीला कुणी येतच नाय, त्याला काय करील?"

मी म्हटलं, मामा, मग तिसरा रकाना आखावा लागेल.

"आख. आणि सामना संपला की त्याला जाऊन विचार, घरी दूध मिळतं का. वजन कमी पडतंय त्याचं."